पावसाचे दोन साक्षीदार

आमच्या नानांची एक जुनी वही माझ्या कपाटात आहे. नाना आंध्रच्या पाटबंधारे खात्यात होते. कृष्णेच्या मुखाकडील एका गावी असताना ते रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजीत आणि तो आकडा घरच्या वहीतही उतरवीत. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी दिवीसीमेवर समुद्र चढून आला, हजारो माणसे गेली. दुसऱ्या दिवशीच्या पानावर नानांनी शून्य लिहिले नाही. ‘मापक वाहून गेला, सबब मोजणी नाही’ एवढेच लिहिले.

त्या ओळीचा अर्थ मला उमगला तो १२ ऑक्टोबर २०१४ रोजी. ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमवर आदळले होते. माझी धाकटी बहीण तेथे एकटी होती. तिचा मुलगा, माझा भाचा, हवामानशास्त्र शिकण्यासाठी हैदराबादेस आमच्याकडे राहत असे. दूरध्वनी बंद पडले होते. मन रमावे म्हणून मी त्याच्या टेबलावरील दोन चित्रांविषयी विचारले. चित्रे पूर्वीच्या एका वादळाची होती. वादळ एकच, घटका एकच, उपग्रहही एकच. पण पावसाचे आकडे निराळे!

“अरे, ह्यांत खरा कोण?”

“मामा, दोघेही साक्षीदार आहेत. पण दोघांची पाहण्याची रीत वेगळी.”

मग त्याने सांगितले. अमेरिका व जपान ह्यांनी मिळून नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘टीआरएमएम’ नावाचा उपग्रह सोडला. पाऊस मोजणारे रडार अंतराळात गेले ते त्याच्याबरोबर प्रथमच. रडार स्वतः लहरी सोडते आणि थेंबांवरून परतलेला प्रतिध्वनी ऐकते. त्यामुळे कोणत्या उंचीवर किती पाऊस आहे हे थरांथरांनी कळते. दुसरे यंत्र मूक श्रोता. ते काही सोडीत नाही; पृथ्वीकडून आपोआप येणाऱ्या सूक्ष्मलहरी तेवढ्या टिपते. समुद्र त्याला थंड दिसतो आणि त्यावरचा पाऊस उबदार, म्हणून पाऊस उठून दिसतो.

“मग रडारच श्रेष्ठ म्हणायचे!”

“तसे नाही. रडारचा पट्टा आरंभी जेमतेम २१५ किलोमीटरांचा होता, ह्याचा सुमारे ७६०. रडारला वादळाचा बहुधा एखादाच काप दिसतो. शिवाय फार जोराच्या पावसात त्याच्या लहरी वाटेतच क्षीण होतात. उलट ह्या श्रोत्याचा एकेक ठिपका काही लहरींत चाळीस किलोमीटरांहूनही मोठा. वादळाच्या डोळ्याभोवतीची पावसाची अरुंद भिंत त्यात पुसट होऊन जाते.”

थोडे थांबून तो म्हणाला, “आणि वादळ किनारा ओलांडते तेव्हा खरी अडचण. जमीन स्वतःच उबदार दिसते. तिच्यावरचा पाऊस वेगळा काढता येत नाही. मग ढगांच्या माथ्यावरील बर्फावरून खालच्या पावसाचा अंदाज बांधावा लागतो.”

म्हणजे माणसांची वस्ती लागते नेमकी तेथेच ह्या साक्षीदाराची साक्ष आडवळणाची होते! म्हणून तर दोघांना समोरासमोर बसवून ताडून पाहायचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये गेलेल्या ‘जीपीएम’ उपग्रहावर दोन लहरींचे रडार आहे, थेंबांचा आकार अधिक नीट कळावा म्हणून. त्याच्या शेजारी बसविलेल्या श्रोत्याच्या मापाने इतर उपग्रहांचे आकडे जुळवून घेतात.

रडारच्या चित्रातील पट्ट्याबाहेरच्या कोऱ्या भागावर मी बोट ठेवले. “येथे पाऊस नव्हता?”

“तेथे रडारने पाहिलेच नाही, मामा. कोरे म्हणजे शून्य नव्हे.”

एवढे बोलून तो गप्प झाला. आईकडून निरोप नव्हता. त्याचाही अर्थ तो तसाच लावू पाहत असावा. मी उठून नानांची वही आणली व ते पान त्याच्यापुढे ठेवले. त्याने ती ओळ पुनःपुन्हा वाचली.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा आवाज ऐकू आला. छपराचे पत्रे गेले होते, अंगणातला आंबा पडला होता. ती सुखरूप होती. मुलाने पहिला प्रश्न विचारला, “आई, पाऊस किती झाला?”

ती म्हणाली, “कोण मोजत बसले होते रे!”

त्याने ते हसत हसत नानांच्या वहीत, शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले: ‘मोजणी नाही. आई सुखरूप.’