उरलेल्या तीन मिनिटांतली गाणी

दिवाळीच्या आधी माळा आवरताना बुटांचं एक खोकं खाली आलं. आत एकतीस कॅसेटी. नऊ बुरशीने पांढऱ्या पडलेल्या, चारांची आतडी बाहेर आलेली. बाकीच्यांच्या पाठीवर माझंच दहावीतलं अक्षर: 'मिक्स १', 'मिक्स २', आणि एकीवर, का कोण जाणे, 'फक्त चांगली'.

अंबरनाथच्या मोरिवलीत तेव्हा गाणी विकत मिळण्याची सोय नव्हती. गावात हळदीला बेंजो वाजायचा, महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत कॅसेटवाले बसायचे, आणि एमआयडीसीच्या बाजूला पानटपरीवर रेडिओ असायचा. एवढंच. स्वतःच्या आवडीचं काही हवं असेल तर सायकल काढायची आणि सरळ उल्हासनगर गाठायचं. वाटेत वालधुनी नदी लागायची. आज पाण्याचा रंग कोणता, यावर आम्ही पैज लावायचो.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका शेठचं रेकॉर्डिंग सेंटर होतं. दुकान कसलं, दोन शिवणयंत्रांच्या मधे मावेल एवढा गाळा. भिंतभर कॅसेटी, काउंटरवर डबल डेक, बाजूला स्पिरिटची बाटली आणि काडीला गुंडाळलेला कापूस. आपण फुलस्केपवर गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट त्याच्याकडूनच घ्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणायला जायचं. हा सगळा धंदा बेकायदा आहे हे मला फार उशिरा कळलं. शेठला कधीच कळलं असणार, पण तो ते बोलून दाखवण्यातला नव्हता.

साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे एका बाजूला साधारण ८५ मीटर. त्यात सिनेमाची पाच गाणी बसायची, कधी सहा, आणि शेवटी दोन-तीन मिनिटं उरायची. दुसरा कुणी असता तर त्याने तेवढी टेप कोरी सोडली असती. आमच्या शेठला कोरी टेप बघवायची नाही. "बेटा, पैसा पूरा लिया, तो माल भी पूरा," असं म्हणून तो त्या जागेत स्वतःच्या मनाने काहीतरी भरायचा. काय भरलं ते सांगायचा नाही, लिहायचा तर मुळीच नाही. गाणं मोठं असलं तर मधेच टेप संपायची आणि बटण खट् करून वर यायचं.

मला सिनेमाबाहेरचं संगीत भेटलं ते या उरलेल्या जागेत. हे मी आज सांगतो तेव्हा भाचा हसतो. त्याच्या मते शेठ म्हणजे ऑटोप्ले.

तुलना अगदीच चुकीची नाही. यादी संपली की फोनही पुढे स्वतःच्या मनाने काहीतरी लावतो. फरक एवढाच, की फोन मी आधी ऐकलं त्याच्यासारखंच लावतो. शेठ हाताला येईल ते लावायचा. कुमार सानूच्या मागोमाग पंकज उधास आला असता तर समजण्यासारखं होतं. आमच्याकडे कुमार सानूच्या मागोमाग एकदा इंग्रजी गाणं आलं. गोरा असावा असा आवाज, मोठाली गिटार, आणि ऐन रंगात खट्. १९९६च्या पावसाळ्यातली गोष्ट. ते अर्धवट गाणं मी इतकं ऐकलं, की तेवढ्या भागापुरता टेपचा आवाज बसका झाला.

ते दिवसही सिनेमाबाहेरच्या गाण्यांचेच होते. १९९५मध्ये बिड्डूने केलेल्या 'मेड इन इंडिया'ने अलिशा चिनॉयला घराघरांत नेलं होतं. पुढच्या वर्षी लकी अलीचा 'सुनो' आणि हरिहरन-लेस्ली लुईसचे 'कलोनियल कझिन्स' आले. १९९८मध्ये 'सिल्क रूट'चा 'बूंदें' आला, 'युफोरिया'चा 'धूम' आला. पाकिस्तानातून 'जुनून' एक वर्ष आधीच येऊन बसले होते. शेजारच्या काकूंकडे केबल होती. दुपारी त्या झोपल्या, की आवाज बारीक करून आम्ही चॅनल व्ही बघायचो. 'सिल्क रूट'च्या 'डूबा डूबा'मध्ये माणसं पाण्याखाली गात होती, याचं आम्हाला इतकं अप्रूप, की मित्राने पाण्याच्या टाकीत डोकं घालून ते करून बघितलं. त्याला बाहेर काढून त्याच्या बापाने जे केलं त्याचा व्हिडिओ निघाला नाही.

या सगळ्याला इंडीपॉप म्हणतात हे मासिकांत वाचून कळलं. व्याख्या सोपी: सिनेमाच्या आधाराशिवाय उभं राहिलेलं गाणं. आता वाटतं, या व्याख्येने मोजायचं तर आमच्या भागात सगळ्यात मोठा इंडीपॉप जत्रेतल्या कॅसेटवाल्याकडे होता. आनंद शिंदेंचा 'नवीन पोपट' कुठल्या सिनेमाच्या जिवावर मोठा झाला नव्हता. वेसाव्याचे 'वेसावकर आणि मंडळी' तर नावापासूनच बँड. भीमगीतं, कोळीगीतं, हळदीची गाणी कंपन्यांनी हजारांनी काढली, लोकांनी ती घासून घासून वाजवली. पण ती आम्हाला वाटेत आपोआप ऐकू यायची, म्हणून शोधावीशी वाटली नाहीत. सायकल हाणत उल्हासनगरला जाऊन मिळवलेलं तेच भारी. पंधरा-सोळाव्या वर्षी माणूस असाच असतो, आणि मी तर जरा जास्तच होतो.

मग ते टीव्हीवरचे बँड गेले कुठे? २००२च्या सुमाराला रिमिक्सची लाट आली, 'कांटा लगा' जिकडेतिकडे वाजू लागलं. जुनं गाणं घेऊन त्याला नवा ठेका लावणं कंपन्यांना स्वस्त पडायचं. वाहिन्यांना सिनेमावाले गाणी तयार करून द्यायचे. नव्या मुलांवर कोण पैसे लावणार? त्याच वर्षी चॅनल व्हीने स्पर्धा घेऊन 'विवा' नावाचा पाच मुलींचा बँड बनवला, पुढच्या वर्षी 'आस्मा' बनवला. दोन्ही काही वर्षांतच विस्कटले. 'सिल्क रूट'चा मोहित चौहान सिनेमात गेला आणि मोठा झाला. 'आर्यन्स'ची आठवण आज निघते ती त्यांच्या व्हिडिओतल्या कोवळ्या शाहिद कपूरमुळे. बाकीची नावं कॅसेटींबरोबर माळ्यावर गेली.

नोकरीला लागल्यावर मी मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस या गाण्यांच्या दुकानात जाऊ लागलो. अंबरनाथहून ६० किलोमीटर, पण पास होता. तिथे कानाला हेडफोन लावून ऐकायला मिळायचं. त्या अर्धवट इंग्रजी गाण्याची चाल काउंटरवर गुणगुणून विचारायची माझी मात्र कधी हिंमत झाली नाही. २०१६मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा शेवटच्या आठवड्यात जाऊन दोन सीडी घेतल्या आणि तेव्हाही विचारलं नाही.

यंदा भाच्याने शेजारच्या मेकॅनिककडून जुना टेपरेकॉर्डर आणला. पट्टा नवा घातला, हेड स्पिरिटने पुसलं. 'फक्त चांगली'ची बी बाजू लावली, शेवटपर्यंत नेली. पाऊस पडल्यासारखा खरखराट, मग ते गाणं. भाच्याने फोन पुढे धरला. दहा सेकंदांत फोन म्हणाला: 'प्रिटी चाइल्ड', 'इंडस क्रीड'.

मुंबईचा बँड! १९८४पासून 'रॉक मशीन' या नावाने वाजवत होते, १९९३मध्ये नाव बदललं, त्याच वर्षी या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचं आशियातलं बक्षीस मिळालं. गाणारा उदय बेनेगल. गिटारवर महेश तिनईकर. मी बाबांना वाचून दाखवलं. तिनईकर म्हटल्यावर त्यांना महापालिकेचे आयुक्त आठवले. ते गिटारही वाजवायचे का, असं त्यांनी विचारलं. मी पंचवीसहून जास्त वर्षं ज्याला गोरा समजत होतो त्या बँडच्या गिटारवर आडनाव आमच्या पलीकडच्या बिल्डिंगच्या पाटीवर शोभेल असं होतं. वर १९९७मध्ये मोडलेला हा बँड २०१०मध्ये पुन्हा जमला, २०१२मध्ये त्यांनी नवा अल्बम काढला, आणि मला पत्ता नाही. मी तेव्हा रोज ८.०५च्या लोकलने उभा राहून जात होतो, कानात हेडफोनही होता. त्यात काय वाजत होतं ते आठवत नाही.

भाच्याचं बरं चाललंय, हे मान्य करायला हवं. 'गेलं ते सोनं' म्हणण्यात काही अर्थ नाही. आमच्या काळात मराठी बँड म्हटलं की लग्नाचा बँडच. त्याच्या फोनवर अभंगांना बेस गिटारची साथ देणारा 'अभंग रिपोस्ट' आहे. आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईरांना सोबत घेऊन 'स्वदेसी'ने केलेलं 'वारली रिव्होल्ट' आहे. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं, ते त्याने मला पहिल्या आठवड्यात ऐकवलं. चिखलोलीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या टॉवरमधली त्याची मैत्रीण स्वतः गाणी करते, खोलीतच. स्टुडिओ म्हणजे गादीला टेकवलेला माइक. परवा तिने एक टाकलं, ते मला आवडलं. दुसऱ्या दिवशी शोधलं तर नाव आठवेना. मी 'मिक्स'वर निदान काहीतरी लिहून तरी ठेवायचो.

एक गाणं मात्र ओळखायचं राहिलंय. त्याच कॅसेटच्या ए बाजूच्या शेवटी. मुलीचा आवाज, एक गिटार, आणि ठेका बहुधा पत्र्याच्या डब्यावर. मराठी आहे. पाऊस आहे, लोकल आहे, आणि दुसऱ्या कडव्यात खट्. फोनने तीन वेळा ऐकलं आणि काहीच सापडलं नाही म्हणाला. मग मी गुणगुणून दाखवलं. त्याने एक तेलुगू भक्तिगीत काढून दिलं. शेठला विचारावं म्हणून कॅम्प चारला गेलो. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. तिथल्या मुलाने रेकॉर्डिंग सेंटर म्हणजे काय ते मला विचारलं, मी सांगितलं, त्याने मला एक कव्हर विकलं.

"मामा, कुणाच्या तरी घरची टेप असेल," भाचा म्हणाला. "म्हणजे कुणीतरी शेठला कॉपी करायला दिलेली." मलाही तसंच वाटतं. कुणीतरी पोरांनी घरी भरलेली कॅसेट, दहा प्रती काढायला दिलेली, आणि अकरावी प्रत शेठने माझ्या उरलेल्या जागेत घातली. त्या मुलीलाही ते माहीत नसणार.

भाच्याने ते दोन मिनिटं दहा सेकंदांचं गाणं खरखराटासकट यूट्यूबवर चढवलंय. नाव काय द्यायचं यावर आमचं बरंच भांडण झालं. शेवटी 'ए बाजू, शेवटचं' असं दिलं. आजपर्यंत चौदा वेळा ऐकलं गेलंय. त्यातल्या नऊ वेळा मीच.