म्हातारचळ : पाहा स्मृतिभ्रंश

अण्णा रात्री अडीचला उठायचे, शर्टाची बटणं नीट लावायचे आणि हॉलच्या दाराशी उभे राहून सांगायचे, "सव्वापाचची स्वारगेट दोन नंबरच्या फलाटावर लागलेली आहे." एसटीत चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काम केलेला माणूस. निवृत्तीला सतरा वर्षं उलटली होती. मी उठून जवळ गेले की अदबीनं विचारायचे, "ताई, कुठं जायचंय आपल्याला?"

मी त्यांची एकुलती एक मुलगी. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "अण्णा, मी आहे" म्हटलं तर ते घाबरायचे. "पुण्याला" म्हटलं तर शांत व्हायचे, पण आपण त्यांना फसवतोय असं मला वाटत राहायचं.

मी सांगलीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दुसऱ्याला हवं ते शोधून देणं हेच माझं काम, म्हणून स्वतःसाठीही शोधलं. आमच्या संगणकात 'डिमेन्शिया' टाकलं की पाठ्यपुस्तकांची लांब यादी यायची. त्यातली बरीच मी वाचली. मेंदूत कुठली प्रथिनं साचतात ते कळलं, औषधांची मात्रा कळली. रात्री अडीचला दाराशी उभ्या असलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे कुठंच नव्हतं. दीड वर्ष मी अशा पुस्तकाच्या शोधात होते. मग एका पावसाळ्यात अण्णा गेले.

पुढच्या मे महिन्यात पुस्तकांची वार्षिक पडताळणी सुरू होती. वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे आमचं 'अवांतर वाचन' असं लिहिलेलं कपाट आहे. तिथलं एक जाडसर पुस्तक दाखल क्रमांक बघायला उघडलं, तर आत चित्रं. एक भेदरलेला म्हातारा, करारी म्हातारी आणि दोघांच्या मध्ये अवघडून बसलेली चष्मेवाली मुलगी. मी उभ्यानं वीसेक पानं वाचली आणि मग खाली फरशीवर बसले.

ते रॉझ चास्ट यांचं 'कान्ट वी टॉक अबाउट समथिंग मोअर प्लेझंट?' होतं. 'न्यू यॉर्कर'मध्ये १९७८पासून व्यंगचित्रं काढणाऱ्या या बाईंनी ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या आपल्या नव्वदी ओलांडलेल्या आईवडिलांची अखेरची वर्षं चितारली आहेत. त्याही एकुलत्या एक. आई दवाखान्यात असताना वडील त्यांच्याकडे राहायला येतात आणि वडिलांचं विस्मरण किती पुढं गेलंय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात येतं. पासबुकांचा घोर, तेच तेच प्रश्न, लेकीची चिडचिड आणि लगेच त्या चिडचिडीची लाज, सगळं त्यात आहे. शेवटाकडे व्यंगचित्रांचा बाज गळून पडतो आणि अंथरुणावरच्या आईची साधी रेखाटनं येतात. ती बघताना मला श्वास घेता येईना.

पुस्तकावर आमचाच शिक्का होता. दाखल क्रमांक माझ्या अक्षरात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्यानं दोन खोकी भरून पुस्तकं भेट दिली होती, त्यातलं हे. अण्णांचं बिनसायला लागलं त्याच्या आधीच ते आलं होतं. माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर ते दीड वर्ष उभं होतं.

संगणकावर त्याची नोंद काढली. शीर्षक, लेखिका, ब्लूम्सबरी, २०१४, वर्गांक ७४१.५, विषय : कॉमिक्स. नोंद करणारीची आद्याक्षरं माझीच.

त्या नोंदीत काय नव्हतं? म्हातारपण नव्हतं. विस्मरण नव्हतं, शुश्रूषा नव्हती, मरण नव्हतं. शीर्षकातही यातलं काही नाही. 'जरा बऱ्या विषयावर बोलूया का' असा त्याचा भाव. आता पाठ्यपुस्तकाचं नावच 'स्मृतिभ्रंशाचे निदान व उपचार' असतं, त्यामुळे विषय लिहायचा राहिला तरी ते सापडतं. आजारावरच्या चित्रकथांची नावं मात्र कवितासंग्रहांसारखी आडवळणाची असतात, आणि त्यांच्या नोंदीत विषय लिहिला नाही तर त्या कुणाच्याही हाती लागत नाहीत. ज्याला मेटाडेटा म्हणतात, ती ही पुस्तकाबद्दलची माहिती. पूर्वी ती लाकडी खणांतल्या कार्डांवर असायची, आता मार्क या संगणकीय नोंदपद्धतीच्या क्रमांकित रकान्यांत असते. २४५मध्ये शीर्षक, ५२०मध्ये सारांश, ६५०मध्ये विषय, ६५५मध्ये साहित्यप्रकार. मी २४५ भरलं, ६५०मध्ये एक शब्द टाकला आणि पुढच्या पुस्तकाकडे वळले. ते रकाने म्हणजे कारकुनी, असं मला तोवर वाटत होतं.

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात रंगनाथन यांचे १९३१चे पाच नियम मी पाठ केले होते. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा. परीक्षेत त्यावर भरपूर गुणही मिळाले होते.

त्या सुट्टीत भेटीच्या खोक्यांतल्या सगळ्या चित्रकथा घेऊन बसले. या प्रकाराला 'ग्राफिक मेडिसिन' असं नाव आहे, हे तेव्हा कळलं. वेल्समधले डॉक्टर आणि चित्रकार इयन विल्यम्स यांनी २००७मध्ये ते रूढ केलं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं २०१८मध्ये या विषयावर प्रदर्शनही भरवलं होतं. नाव मिळालं, मोठ्या ग्रंथालयाची मान्यता मिळाली, पण माझ्यापुढचा प्रश्न होता तसाच होता. सांगलीच्या माणसाला हे पुस्तक कोणत्या शब्दानं सापडेल?

पहिला मोह सगळी पुस्तकं ७४१.५वरून उचलून त्या त्या आजाराच्या वर्गांकात नेण्याचा. आमच्या एका प्राध्यापकांनीही तेच सुचवलं. मी करून पाहिलं. ६१६.८च्या फळीवर, मज्जासंस्थेच्या दोन-दोन किलोच्या ग्रंथांमध्ये चास्टबाईंचं पुस्तक आणखीच हरवलं. फळीवर पुस्तकाला एकच जागा मिळते, नोंदीत मात्र त्याला हव्या तितक्या नावांनी हाक मारता येते. ६५०चा रकाना पुन्हा पुन्हा भरता येतो. म्हणून पुस्तकं जागेवर ठेवली आणि नोंदी नव्यानं लिहायला घेतल्या.

त्यासाठी आधी ती पूर्ण वाचावी लागली. ब्रायन फीज यांचं 'मॉम्स कॅन्सर' आईच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर आहे. २००४मध्ये त्यांनी ते आधी निनावी, इंटरनेटवर काढलं आणि २००६मध्ये त्याचं पुस्तक झालं. मरिसा अकोसेला मार्केटो यांचं 'कॅन्सर व्हिक्सन' स्वतःच्या स्तनांच्या कर्करोगावर. दोन्हीकडे 'कर्करोग' लिहून भागलं असतं. पण जिला उद्या शस्त्रक्रियेला जायचंय तिला एक पुस्तक हवं आणि तिच्या लेकाला दुसरं. कथा कुणाच्या डोळ्यांनी सांगितली आहे, हे या पुस्तकांत आजाराच्या नावाइतकंच महत्त्वाचं. एम. के. झेरविएक यांचं 'टेकिंग टर्न्स' शिकागोतल्या एड्स कक्षातल्या नर्सच्या नजरेतून येतं. आमच्याकडच्या सिस्टर ते वाचतील, पण 'एड्स'खाली शोधून नव्हे, तर 'परिचारिका'खाली. म्हणून मी विषयाबरोबर नातंही लिहू लागले : 'वृद्ध आईवडील – शुश्रूषा – चित्रकथा', 'अपस्मार – रुग्णांचे कुटुंबीय – चित्रकथा'. आणि ५२०मध्ये मराठीत तीन-चार ओळी. बोलणारं कोण, आजारी कोण, शेवटी मृत्यू आहे का. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते. ज्याच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय, त्याला ते आधी कळायला हवं. आणि एक नियम घालून घेतला. पुस्तकानं निदान सांगितलं नसेल, तर मी ते चिकटवायचं नाही.

खरा घोळ शब्दांचा झाला. फ्रेंच चित्रकार दावीद बे यांनी थोरल्या भावाच्या अपस्मारावर १९९६ ते २००३ या काळात सहा खंड काढले, ते इंग्रजीत 'एपिलेप्टिक' नावानं आले. मूळ शीर्षकात 'ओ माल' आहे, म्हणजे थोर दुखणं. अपस्माराचं ते जुनं फ्रेंच नाव. मला लगेच आपला 'महारोग' आठवला. बाबा आमट्यांच्या संस्थेच्या नावातही तो शब्द आहे, महारोगी सेवा समिती. आज आपण कुष्ठरोग म्हणतो, पण जुनं साहित्य शोधणाऱ्याला 'महारोग'च टाकावं लागतं. अपस्माराला तर फेफरं, मिरगी, आकडी, फिट येणं. नोंदीत फक्त 'अपस्मार' लिहिलं, तर फिट आलेल्या पोराची आई तिथवर पोचणार कशी?

यासाठी ग्रंथालयशास्त्रात जुनी सोय आहे, 'पाहा' संदर्भ. अधिकृत शब्द एकच ठेवायचा आणि लोकांच्या तोंडातले बाकीचे शब्द त्याच्याशी बांधून ठेवायचे. आम्ही कोहा ही संगणकप्रणाली वापरतो. तिच्यात एक बदल केला की यातल्या कुठल्याही शब्दानं शोधलं तरी पुस्तक समोर येतं. मी वही घातली. फिट, आकडी, मिरगी, फेफरं. साखर, डायबेटिस, मधुमेह. अल्झायमरची स्पेलिंगं चार तऱ्हांची. विसरभोळेपणा, विस्मरण, डोक्यावर परिणाम होणं.

आणि म्हातारचळ.

तो शब्द वहीत उतरवायला मला तीन दिवस लागले. अण्णा एकदा बनियनवर कोपऱ्यापर्यंत चालत गेले होते, तेव्हा शेजारच्या गॅलरीतून तो ऐकू आला होता. "म्हातारचळ लागलाय." मी अण्णांचा हात धरून त्यांना आणत होते. त्यांनीही तो ऐकला आणि मान खाली घातली. बाकी सगळं विसरलेल्या माणसाला तेवढं कळलं. तो शब्द माझ्या यादीत, माझ्या हातानं? मानसोपचार विभागातल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, 'वेड' आणि 'म्हातारचळ' मथळ्यात कधीच नको, पण ज्याच्याकडे तेवढा एकच शब्द आहे त्याला दाराबाहेर का ठेवायचं? मग मी 'पाहा' संदर्भांसाठी असलेल्या ४५०च्या रकान्यात तो टाकला. पुस्तकाच्या नोंदीत तो दिसत नाही. शोधणाऱ्याला नेऊन सोडतो 'स्मृतिभ्रंश'पाशी.

गेल्या दिवाळीनंतर वॉर्डात साफसफाई करणाऱ्या एक मावशी दुपारी आल्या. सासऱ्यांविषयी काही असेल तर बघा म्हणाल्या. मी विचारलं, "काय होतंय त्यांना?"

"चकवा लागल्यागत करत्यात. आपल्याच गल्लीत घर घावत नाही."

मी 'चकवा' टाकलं. शून्य. रानात वाट चुकवणाऱ्या भुताचं नाव आजाराला लागू शकतं, हे माझ्या वहीत नव्हतं. कपाटापाशी जाऊन मीच पुस्तक काढून आणलं. मावशींना इंग्रजी येत नाही. त्यांनी पान उलटलं, भेदरलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"आमचं मामंजी असंच बघत्यात," त्या म्हणाल्या. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. "ह्ये काय म्हणतोय त्यो?"

मी वाचून दाखवायला सुरुवात केली.