वीर्यातलं औषध मोजताना

३ मार्च
एचआयव्हीची औषधं वीर्यात किती उतरतात, त्याच्या मोजणीला आज सुरुवात. ताजं वीर्य चिकट, पिपेटमध्ये नीट चढत नाही. अर्धा तास टेबलावर ठेवलं की पातळ होतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून शुक्राणू तळाशी बसवले आणि वरचा द्रव उणे ८० अंशांवर ठेवला. शेवटची गोळी कधी घेतली, रक्त कधी काढलं, या वेळा मी स्वतः विचारून लिहिते. 'रात्री जेवल्यावर' हे उत्तर चालत नाही. वेळ अंदाजे असली तर रक्ताशी तुलनाच करता येत नाही.

४ मार्च
रक्तासाठीचं कॅलिब्रेशन इथे वापरता येत नाही. वीर्यातले क्षार आणि प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरचा सिग्नल दाबू शकतात. ही औषधं न घेणाऱ्यांच्या वीर्यात औषध मोजून मिसळलं आणि नवा आलेख काढला.

६ मार्च
आकडे आले. लॅमिव्ह्युडिन आणि टेनोफोविर रक्तापेक्षा जास्त. डोल्युटेग्राविर मात्र रक्तातल्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. लॅबमधली नवी मुलगी घाबरली. "ताई, हे पोचतच नाही का?"

पोचतं. रक्तात डोल्युटेग्राविर ९९ टक्क्यांच्या आसपास प्रथिनांना चिकटलेलं असतं. वीर्यात अल्ब्युमिन कमी, त्यामुळे मोकळ्या औषधाचा वाटा कितीतरी मोठा. आणि विषाणूला रोखतं ते मोकळं औषधच. एकूण औषधाचं गुणोत्तर तेवढं छापून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. शिवाय वीर्यातला बहुतेक द्रव वीर्याशय आणि प्रोस्टेटमधून येतो, वृषणांचा वाटा थोडाच. या आकड्यावरून वृषणात किती औषध गेलं, ते ठरवू नये.

१० मार्च
सॅम्पल द्यायला आलेल्या एकांनी दारातच विचारलं, "मॅडम, बायकोला धोका नाही ना?" याचं उत्तर यंत्र देत नाही, जोडप्यांवरचे अभ्यास देतात. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात पुण्याची 'नारी' संस्थाही होती. २०११ साली त्यातून दिसलं की लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. विषाणू कायम दबलेला असताना उपचार घेणाऱ्या व्यक्तीकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासात जोडपी निरोध वापरत नव्हती, तिथेही आकडा शून्य. हे सगळं त्यांना बसवून सांगितलं. गोळी रोज घ्या, व्हायरल लोडची तपासणी चुकवू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका.