"काही नाही झालं, काका"

तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून पुण्याला येताना एका वळणावर मोटारसायकल माझ्या गाडीवर आदळली. खरं सांगतो, इतकी वर्षं डॉक्टरकी करूनही मनात पहिला विचार आला तो जमावाचा. क्षणभर वाटलं, निघून जावं.

गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि उतरलो. विशीतला मुलगा, डोक्याला हेल्मेट, स्वतःच उठून बसलेला. "काही नाही झालं काका, जाऊ द्या." कुणीतरी पाणी पुढे केलं, ते मी थांबवलं. पोटात मार असेल तर ऑपरेशन लागू शकतं आणि शुद्ध हरपली तर पाणी श्वासनलिकेत जातं. मान दुखते का, हातापायाला मुंग्या येतात का, विचारलं. तसं असतं तर त्याला जागचं हलू दिलं नसतं.

तो डावा खांदा चोळत होता. खांद्यावर साधं खरचटलेलंही नव्हतं, मार बरगड्यांखाली होता. प्लीहा फाटून रक्त श्वासपटलाखाली साचलं की दुखणं खांद्यात जाणवतं, कारण दोन्हींची संवेदना मानेतल्या त्याच मज्जारज्जूच्या भागात पोचते. तरुण शरीर बरंच रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकवून धरतं, म्हणून रुग्ण ठणठणीत दिसतो. मी १०८ ला फोन लावला. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं. ऑपरेशन टळलं, पण मुलगा चार दिवस आयसीयूत होता.

"डॉक्टर, थांबलो तर आपणच अडकतो ना?" असं पेशंट विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाचीच जबाबदारी आहे. जमाव खवळला असेल तर त्यातून सूट आहे, पण तेव्हाही पोलिसांना शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवावंच लागतं. विमा कंपनीलाही कळवायचं. मी त्याच रात्री जबाब दिला. दोन तास गेले, चहाही मिळाला.

घरी पोचलो तर बायकोने विचारलं, "तुम्हाला कुठे लागलं का?"

"छे, काही नाही झालं."

सकाळी मान वळेना. मग तिनेच मला एक्स-रे काढायला नेलं.