गाडीला वीस एकर

मराठी शिकविणाऱ्या माणसाकडे हिशेब घेऊन कोणी येत नाही. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ पाहून द्यावेत, निवृत्त होणाऱ्या शिपायासाठी मानपत्र लिहावे, फार तर कोणाच्या मुलीचे नाव सुचवावे. आमची धाव तेवढीच. म्हणून गेल्या वर्षी, २०२५ चा दसरा आटोपल्यावर, दादा सकाळच्या एस. टी.ने वाशीमला आला आणि चहाची बशी खाली ठेवता ठेवता म्हणाला, "बापू, कागद काढ. एक हिशेब करायचा हाय," तेव्हा मी जरा सावरूनच बसलो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेलूबाजारजवळच्या आमच्या गावी शेती पाहतो. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता. त्याने दप्तर खुंटीला लावले आणि औत हाती धरले. आणि मी पुढे अमरावतीला जाऊन एम. ए. झालो. या दोन वाक्यांचा परस्परसंबंध आमच्या घरात कोणी कधी बोलून दाखवीत नाही. मात्र दादाने हिशेब करायला सांगितला की मी करतो.

"कायचा हिशेब?" मी विचारले.

"गाडीचा."

मला वाटले, ट्रॅक्टरची ट्रॉली असेल. पण दादाने सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेले एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक काढून टेबलावर पसरले. त्यावर टोयोटाची फॉर्च्युनर एका डोंगराच्या टोकावर उभी होती. ती तिथवर कशी चढली आणि आता कशी उतरणार, याचा खुलासा पत्रकात नव्हता.

पैसे कोठून येणार हे मला ठाऊक होते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासाठी जमिनी घेतल्या गेल्या, त्यात आमच्या सतरा एकरांपैकी सहा एकर गेले. मोबदला आला. त्यातून घर झाले, विहीर झाली, पुतणीचे लग्न झाले आणि उरलेले पंचेचाळीस लाख आम्हां दोघा भावांच्या नावाने बँकेत मुदतीच्या ठेवीत पडून राहिले. पावतीवर दोघांची नावे, म्हणून दोघांच्या सह्या. दादा हिशेबाला आला होता तो त्यासाठीच. पण तसे म्हणणे त्याच्या स्वभावात नाही.

मी कागद काढला आणि वहीच्या समासाप्रमाणे डावीकडे एक रेघ मारली.

शोरूममधली किंमत आम्ही सोयीसाठी पस्तीस लाख धरली. मोठ्या गाड्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. त्याआधी तो उपकरासकट ५० टक्के होता. म्हणजे पस्तीस लाखांतली गाडी पंचवीस लाखांची, आणि दहा लाख कराचे. त्यावर नोंदणीच्या वेळचा रस्ता-कर. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात तो १५ टक्के, पेट्रोलला १३. झाले सव्वापाच लाख. विम्याचे सव्वा लाख, वर किरकोळ अर्धा लाख. एकूण बेचाळीस लाख.

"म्हंजे सरकारले सव्वापंधरा," दादा म्हणाला. त्याचे तोंडी गणित माझ्या कागदापेक्षा नेहमीच दोन पावले पुढे असते.

"आणि गाडी अजून शोरूमच्या दारातच उभी आहे," मी म्हणालो.

पुढचा हिशेब चालत्या गाडीचा. दादाचे फिरणे वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले. पावणेतीन लिटरचे इंजिन. एका लिटरला बारा किलोमीटर पडले तरी हजार लिटर डिझेल. लिटरचा दर नव्वद रुपये धरला की नव्वद हजार. ऐंशी लिटरची टाकी एकदा काठोकाठ भरायची तर सात हजार दोनशे. दरवर्षीचा विमा एक लाख दहा हजार. सर्व्हिसिंग आणि टायर यांचे सरासरी पन्नास हजार. टोलचे दहा हजार. बेरीज दोन लाख साठ हजार.

दादाचा चेहरा उजळला. "एवढंच? मी तर पाच धरले होते."

येथे माझ्यातला मास्तर जागा झाला. लोक गाडीचा खर्च मोजतात तो डिझेलपाशी सुरू करतात आणि डिझेलपाशीच संपवितात. पण गाडीचा खरा खर्च टाकीतून जात नाही. तो उभ्या उभ्या जातो. बेचाळीस लाख बँकेत राहिले असते तर सात टक्क्यांनी वर्षाला दोन लाख चौऱ्याण्णव हजार व्याज आले असते. ते आता येणार नाही. शिवाय गाडी दरवर्षी जुनी होणार. ही गाडी विकताना भाव बरा धरते असे म्हणतात, म्हणून मी उदार होऊन वर्षाची घट तीन लाखच मांडली. एकंदर आठ लाख चोपन्न हजार. दिवसाला दोन हजार तीनशे चाळीस. गाडी फिरो की अंगणात कोंबड्यांना सावली देवो. किलोमीटरला एकाहत्तर रुपये.

दादा कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "रुपये नको सांगू. सोयाबीन सांग."

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. बाजारात त्याहून पुष्कळ कमी मिळत होते, पण मी हमीभावच घेतला. भागाकार केला. एकशेसाठ क्विंटल.

"चांगल्या वर्षी एकरी आठ," दादा पुटपुटला. "वीस एकर. बी-बियाणं, फवारणी, मजुरी काहीच न धरता वीस एकर." मग जरा थांबून, "आपल्यापाशी अकरा हाय."

हिशेब संपला होता. खरे म्हणजे मी येथे मनातल्या मनात हातही झटकले. पाटावरून उठताना पंगत चांगली झाली म्हणून समाधान वाटावे तसे मला वाटले. आमच्या आजोबांची एक रंगीत दमणी होती. तिच्या बैलांना घरच्या माणसांआधी सरकी-ढेप मिळे आणि एका नापिकीच्या वर्षी ती बैलांसकट विकावी लागली, ही गोष्टही मी दादाला उदाहरणादाखल ऐकविली. त्याने ती माझ्याहून अधिक वेळा ऐकली होती.

"तुयं गणित बराबर हाय, बापू," तो म्हणाला. "पण एक गोष्ट सांग. आपल्या वावरातून रस्ता गेला. मी त्या रस्त्यावर कवा गेलो?"

मी काही बोललो नाही.

"मोटारसायकल चालत नाही. ऑटो चालत नाही. ट्रॅक्टर चालत नाही. माह्यापाशी या तीनच गोष्टी. तारेच्या कुंपणाले धरून उभं रायचं आन् लोकायच्या गाड्या पाह्यच्या. ज्याचं वावर गेलं त्यालेच रस्ता बंद. मंग एकदा वाटते, आपण बी जावं. पण जाचं तर मोठ्या गाडीत जावं. कोन्या मंत्र्याची गाडी जाते तशी."

एवढे लांब बोलताना मी दादाला फारसे ऐकलेले नाही. माझ्या कागदावर डिझेल होते, विमा होता, घट होती; कुंपणाला धरून उभे राहण्याचा रकाना नव्हता. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला, तेव्हा मी वर्गात मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितले होते की आता मुंबई आठ तासांवर आली. माझ्या घरातला एक माणूस त्या आठ तासांच्या बाहेर उभा आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मी म्हणालो, "आधी चालवून तर पाहू."

आणखी एक कबुली येथेच देऊन टाकतो. अकोल्याच्या शोरूमला मी ज्या तत्परतेने फोन केला, ती केवळ भावासाठी नव्हती. त्या उंच गाडीतून महाविद्यालयाच्या फाटकात शिरतानाचे माझे एक चित्र माझ्याही मनात तयार झाले होते, आणि त्यात प्राचार्य पायऱ्यांवर उभे होते.

ठरल्या दिवशी शोरूमचा मुलगा गाडी घेऊन गावी आला. पांढरी, पावणेसोळा फूट लांब, सहा फूट रुंद. वाड्याच्या दारातून ती आत येईना. गोठ्याची भिंत पाडल्यास येईल, असे मत पडले. निम्मे गाव गोळा झाले. आईला पुढे बसवायचे ठरले. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. तिने पायरीवर एक पाय ठेवला, वर पाहिले आणि पाय खाली घेतला.

"हे गाडी हाय का मचान?" ती म्हणाली. शेवटी पाट आणला, पाटावर पाय, मागून मी आणि वहिनी. आई बसली, पण उतरायचे कसे ही काळजी तिच्या तोंडावर सबंध प्रवासभर होती.

वाटेत मी त्या मुलाला विचारले, गावातल्या गावात, वावरापर्यंत चार-पाच किलोमीटर, अशी चालविली तर? मुलगा प्रामाणिक निघाला. एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारी एक जाळी असते, असे त्याने सांगितले. ती काजळी जळून जायला गाडी बराच वेळ वेगात पळावी लागते. नुसत्या थोड्या थोड्या अंतरावर फिरविली की जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. "मग काय करायचं?" "मग सर, एकदा हायवेला न्यायची." म्हणजे घोड्याप्रमाणे हिलाही रपेटीला न्यायला हवी.

शेलूबाजारला आम्ही समृद्धीवर चढलो. कारंज्याच्या बाजूला निघालो. दादा चाकापाशी होता. त्याची पाठ ताठ, दोन्ही हात घट्ट. काटा शंभरवर गेला, मग एकशेवीसवर. तेवढीच तेथली मर्यादा. आत मात्र देवघरातल्यासारखी शांतता. आपले शिवार आता येणार म्हणून दादाने मान जरा डावीकडे वळविली. विहिरीवरचे कडुलिंबाचे झाड दिसले. "हे आलं," तो म्हणाला, आणि झाड मागे गेले.

"झालं?" त्याने विचारले.

"झालं."

मी मागे बसून आकडा काढला. आमच्या वावरातून रस्ता दोनशे मीटर जातो. ताशी एकशेवीस म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. सहा सेकंद.

"बाबाले इकडच्या धुऱ्यापासून तिकडच्या धुऱ्यापर्यंत एक तास घालाले पाच मिनिटं लागत," दादा म्हणाला. "मंग बैल वळवत. मंग पाणी पीत." त्याने वेग कमी केला आणि गाडी डावीकडे घेऊ लागला.

"काका, इथं थांबता येत नाही," मुलगा घाईने म्हणाला. "नियम आहे."

दादा थांबला नाही. येताना पलीकडच्या बाजूने आणखी एकदा सहा सेकंद मिळाले. त्या वेळी त्याने मान वळविली नाही. फाट्यावर टोल कापला गेला. किलोमीटरला दोन रुपये सहा पैसे या दराने, जसा सर्वांचा कापतात तसा.

घरी आल्यावर आईला पाट लावून उतरविले. मुलाला वहिनीने जेवू घातले. तो गेल्यावर दादाने माझ्याकडून हिशेबाचा कागद मागून घेतला, वाचला आणि म्हणाला, "एकशेसाठ क्विंटल. सहा सेकंदासाठी मायंदाय झाले, बापू." तेवढेच. माझ्या गणिताने जे झाले नव्हते ते त्या सहा सेकंदांनी केले, असे मला तेव्हा वाटले. पुढे वाटू लागले की कागदावरचे एकशेसाठ क्विंटल नसते तर त्या सहा सेकंदांचा भाव त्याला तरी कसा कळला असता? कोणता हिशेब आधी आणि कोणता मागून, हे दादालाच ठाऊक. आणि तो सांगणार नाही. माझ्या मनातल्या चित्रातले प्राचार्य मात्र त्या रात्री पायऱ्यांवरून निमूट आत निघून गेले.

पाडव्याला गाडी आलीच. साडेसात लाखांची, लहान, पेट्रोलवर चालणारी, वाशीमच्या एम. एच. ३७ पाटीची. वाड्याच्या दारातून अलगद आत येते. आई पाटाशिवाय चढते, आणि उतरल्यावर दार स्वतः लावते. फार जोरात लावते, पण लावते. ठेवीच्या पावतीवर पूर्वीप्रमाणेच दोघांच्या सह्या आहेत.

आता वर्ष झाले. मध्यंतरी मी दादाला विचारले, लहान गाडीही समृद्धीवर चालते. मग जातोस की नाही?

"एकदा गेलो. आईले नागपूरले दाखवाले."

"आणि वावर?"

"दिसलं," तो म्हणाला. "ऐंशीनं गेलो. नऊ सेकंद."