हुकलेल्या नेमाचा हिशेब

ज्या घरात बंदुकांची विक्री आणि दुरुस्ती यांचा सरकारी परवाना दोन पिढ्या नांदला, त्या घरच्या माणसाला एक प्रश्न जन्मभर चुकत नाही: सर्वांत उत्तम रायफल कोणती? पश्चिम खानदेशाच्या या मुलुखात, जो १९९८ साली धुळ्यापासून विभक्त होऊन नंदुरबार जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, हा प्रश्न मेवासी जहागीरदारांच्या वारसांनी विचारला, शूटिंग ब्लॉकाचा, म्हणजे शिकारीसाठी नेमून दिलेल्या रानाच्या तुकड्याचा, परवाना खिशात घालून आलेल्या मुंबईच्या हौशी शिकाऱ्यांनी विचारला, आणि पीकसंरक्षणासाठी एकनळी घ्यायला आलेल्या शहाद्या-तळोद्याच्या कास्तकारांनीही विचारला. माझे वडील त्यावर प्रतिप्रश्न करीत: गोळी चार बोटे बाजूला लागली, तर जनावराचे काय होईल आणि तुमचे काय होईल? गिऱ्हाइकाला हा प्रश्न अशुभ वाटे. परंतु काडतुसाची निवड अचूक नेम गृहीत धरून करू नये, हुकलेल्या नेमाचा हिशेब मांडून करावी, यापलीकडे या विषयात फारसे तत्त्वज्ञान नाही, असे माझे आजचेही मत आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी कायद्याची स्थिती स्पष्ट केली पाहिजे. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आरंभी मोठ्या व लहान शिकारीचे परवाने शिल्लक ठेवले होते, तेही १९९१ च्या दुरुस्तीने संपुष्टात आले. आणि आता जीविताला अथवा उभ्या पिकाला धोका निर्माण करणाऱ्या विशिष्ट जनावरापुरती कलम ११ खालील लेखी परवानगी, एवढीच वाट उरली आहे. ही बंदी योग्य आहे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. तथापि जी विद्या शंभर-सव्वाशे वर्षे या रानांत तावूनसुलाखून निघाली, ती विस्मृतीत गेल्यास कलम ११ ची परवानगी हाती पडलेला मनुष्य केवळ आवाजावर भरवसा ठेवून बंदूक उचलील, आणि त्यात जनावराचे हाल होतील.

आमच्या जिल्ह्यात दोन परस्परविरुद्ध भूमी शेजारी शेजारी नांदतात. दक्षिणेकडे तापीचे काळे सपाट खोरे, जिथे एके काळी काळवीट आणि चिंकारा यांचे कळप असत आणि दीडशे-दोनशे वारांच्या आत मनुष्याला येऊ देत नसत; उत्तरेकडे अक्कलकुवा, धडगाव आणि तोरणमाळपर्यंत चढत गेलेला सातपुडा, जिथे साग, बांबू आणि नाले यांच्या दाटीत सांबर दिसले तर चाळीस-पन्नास वारांवर दिसते आणि क्षणार्धात नाहीसे होते. काळवीट चाळीस किलोंच्या आतबाहेरचे, नाजूक बांध्याचे जनावर. पूर्ण वाढीचा सांबर नर अडीचशे किलोंच्याही पुढे जाणारा, आणि जीव चिवट असा की वर्मी न लागलेली गोळी घेऊन दोन नाले ओलांडून जाईल. म्हणून मैदानातील रायफल हलक्या, वेगवान गोळीची असावी आणि डोंगरातील रायफल जड, संथ गोळीची, हा पहिला विवेक. तो ज्याला कळला त्याला पुढचे आकडे समजावून सांगण्याची गरज फारशी उरत नाही.

तरी आकडे सांगतो. .२७५ रिग्बी, म्हणजेच जर्मनांची सात मिलिमीटर माउझर, १४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने सोडते. शंभर वारांवर नेम बसवला असता ती दोनशे वारांवर चारेक इंचच खाली येते, आणि अंतराच्या अंदाजात झालेली चूक बरीचशी पोटात घालते. उलट आपल्याकडची सर्वपरिचित .३१५ रायफल २४४ ग्रेनची बोथट गोळी २,००० फुटांच्या किंचित वर फेकते, आणि तीच दोनशे वारांवर जवळजवळ वीतभर खाली जाते. कागदावर दोहोंची ऊर्जा सव्वादोन हजार फूट-पौंडांच्या आसपास सारखीच भरते. परंतु सागाच्या फांद्यांआड तिरप्या उभ्या असलेल्या सांबराच्या खांद्याचे हाड फोडून फुप्फुसापर्यंत पोहोचण्याचे काम जड गोळी अधिक इमानाने करते, आणि मैदानात काळविटाच्या बाबतीत तीच गोळी अंतराला फसते.

हा वाद नवा नव्हे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा अधिकारी, ज्याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलुखावरील पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले, याच सातपुड्याच्या पूर्वेकडील रानांत हिंडला. आणि त्याने १८६० च्या दशकात शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की दाट रानात मोठ्या व्यासाची गोल गोळी, अतिमंद पीळ असलेल्या नळीतून भरपूर दारूने सोडलेली, हीच श्रेयस्कर. त्याच्या काळची काळी दारू गेली, निर्धूर दारू आणि तांब्या-निकेलचे कवच आले. पण अंतर जवळचे असेल तर वेगाचा लोभ धरू नये, हा त्याचा मुद्दा अबाधित राहिला.

गोळीच्या वजनाइतकेच तिच्या नाकाला महत्त्व आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाक उघडे ठेवलेली, आत शिरताच फुलणारी गोळी निघाली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात मनाई केली. आणि जे युद्धात अमानुष ठरले तेच मृगयेत अधिक दयाळू मानले गेले, कारण पूर्ण कवचाची गोळी हरणाच्या आरपार बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर रात्रभर झुरत मरते. हरणांसाठी व डुकरासाठी मऊ नाकाची गोळी आणि हत्ती किंवा गवा यांच्या हाडांसाठी सबंध कवचाची, ही वाटणी जो उलटी करील त्याची रायफल कितीही किमती असो, ती निष्फळ आहे.

हिंदुस्थानात काडतुसाची निवड अनेकदा शिकाऱ्याने केलीच नाही. ती सरकारी हुकमाने केली. १८९८ साली रिग्बीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणली आणि मोठ्या शिकारीत तिची सरशी झाली. परंतु बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून १९०७ च्या सुमारास या देशात .४५० बोअरवर बंदी आली, आणि त्या एका हुकमापायी लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखानदारांना .४६५, .४७०, .४७५ असे नवे बोअर काढावे लागले, जे पुढे आफ्रिकेतही नावाजले. लष्करी .३०३ खाजगी मनुष्याला वर्ज्य, म्हणून ईशापूरच्या कारखान्यात ली-एन्फील्ड धाटणीची .३१५ घडली आणि तिची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात निघू लागली. ती काही आदर्श रायफल नव्हे. पण तिची काडतुसे परवान्यावर मिळत, आणि ज्या काडतुसाची आवक बेभरवशाची, त्यावर कोणी सराव करीत नाही, आणि ज्याचा सराव नाही त्याचा नेम हुकतो. पेटीत चार विलायती काडतुसे जपून ठेवणाऱ्या उमरावापेक्षा .३१५ वर हात बसलेला शिलेदार सांबराच्या दृष्टीने अधिक सभ्य, असे मी मानतो.

धोकादायक जनावराचा प्रश्न वेगळा. १९१२ साली निघालेली .३७५ हॉलंड मॅग्नम ३०० ग्रेनची गोळी अडीच हजार फूट वेगाने, चार हजारांहून अधिक फूट-पौंडांनिशी सोडते, आणि एकाच रायफलीत सांबरापासून गव्यापर्यंत सर्व साधायचे असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. परंतु तिचा धक्का न सोसणारा मनुष्य चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो, आणि त्याच्या हाती हलकी रायफलच परवडली. दुनळी रायफलीचा गुण असा की दुसरी गोळी चापाच्या एका ओढीइतकी जवळ असते. अवगुण असा की तिच्या दोन्ही नळ्या विशिष्ट अंतरावर, विशिष्ट काडतुसाने एकत्र येतील अशा जुळवलेल्या असतात, आणि काडतूस बदलले की जोडीतला एक बैल बदलावा तशी गत होते. जुन्या कॉर्डाइट दारूचा दाब उन्हाने वाढतो. खानदेशचा वैशाख लोखंडी पेटीला काय करतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला .४७० सारख्या काडतुसाच्या पुंगळ्या एवढ्या ऐसपैस का, हे विचारावे लागत नाही.

बारा बोअर, म्हणजे ज्या नळीच्या व्यासाच्या गोल शिशाच्या गोळ्या पौंडाला बारा भरतात, ही गरिबाची सर्वकाम बंदूक. एल. जी. हा मोठ्या दाण्याचा छर्रा चाळीस वारांच्या आत डुकराला पुरे. त्यापलीकडे तो केवळ जखमी करतो, आणि सांबरावर कोणत्याही अंतरावर तो टाळावा. कागदी काडतूस पावसाळ्यात फुगून नळीत अडकते, म्हणून आषाढापूर्वी प्रत्येक काडतूस नळीत सरकवून पाहावे, अशी आमची ताकीद असे. जुन्या कॅपांमधील क्षार नळीला गंज आणतो, त्यास तेल पुरत नाही. आधी उकळते पाणी, मग कोरडा चिंधा, मग तेल.

लहान बोअरचे भक्त दोन नावे पुढे करतात. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली शिकारी कॉर्बेटला .२७५ रिग्बी भेट मिळाली, आणि आफ्रिकेतील हत्तींचा शिकारी बेल याने सात मिलिमीटर माउझरने शेकडो हत्ती पाडले. दोन्ही गोष्टी सत्य आहेत. पण बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूचे स्थान आधी अभ्यासले होते, आणि कॉर्बेटजवळ .४५०/४०० ची दुनळीही असे. त्यांच्या रायफलीचे अनुकरण सोपे, त्यांच्या संयमाचे नव्हे.

या संयमाचे खरे आचार्य सातपुड्यातले भिल्ल. १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचे पथक उभारले, तेव्हा त्यांच्यासोबत वाघाच्या मागावर जाऊनच त्याने त्यांचा विश्वास संपादला. गावचा जागल्या चोराचा माग काढी तसाच जखमी जनावराचा. रक्ताच्या पहिल्या थेंबावर दगड ठेवी, अर्धा-पाऊण तास बसून राही, आणि मगच पुढे निघे, कारण पाठलाग न झालेले जनावर जवळच बसते आणि पाठलाग झालेले डोंगर ओलांडते. अर्थात तीरकामठ्याने शिकार करणाऱ्याला पंचवीस पावलांपर्यंत जावेच लागते. रायफलीने दुरून मारण्याची सोय करून दिली आणि ही शिस्त अनेकांना अनावश्यक वाटू लागली.

आज कलम ११ ची परवानगी मिळते ती बहुधा रानडुक्कर वा रोही यांच्यासाठी, आणि तीही तापीकाठच्या ऊस, केळी, पपईच्या सपाट शिवारात. तिथे जुन्या हिशेबात एक नवी रक्कम जमा करावी लागते. सातपुड्याच्या घळीत हुकलेली गोळी समोरच्या दरडीत मुरते. सपाटीवर रायफलीची गोळी तीन-चार किलोमीटरपर्यंत घातक राहते, आणि तेवढ्या टापूत वस्ती, पाण्याची पाळी देणारा माणूस आणि रस्ता असतोच. म्हणून मैदानासाठी हलकी वेगवान गोळी, हा माझा वर सांगितलेला विवेक काळविटाच्या ओसाड माळाचा होता. आजच्या बागायतीत तो उलटतो, आणि बांधावर उंच मचाण घालून, खाली जमिनीच्या दिशेने, तीस वारांच्या आत झाडलेली बारा बोअर हीच शहाणपणाची निवड ठरते. जनावरामागे माती दिसत नसेल, तर बार काढू नये. एवढे पथ्य पाळायला कोणत्याही कंपनीची रायफल लागत नाही. आणि ते पाळण्याची तयारी नसेल त्याने परवानगीचा अर्ज करू नये, कुंपण दुरुस्त करावे आणि वनखात्याकडे नुकसानभरपाई मागावी.