खोगीरभरती

आमच्या वर्गात रोल नंबर १४ ते २० सगळे देशमुख! सरांनी नुसतं "देशमुख" म्हटलं की सात माना वर होतात. त्यातली एक माझी, वरूडची. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणते देशमुख?" यावर आमच्या आबाजींचं उत्तरही ठरलेलं होतं, "वाड्यातले."

वाडा म्हणजे आता अर्धी माती आणि अर्धे टिन. माळ्यावर एक जुनं खोगीर आहे. त्यातला कापूस बाहेर आलाय आणि दरवर्षी मांजर त्यात पिल्लं घालते. घोडं कुणी पाहिलेलं नाही, आबाजींनीसुद्धा नाही.

आता एकदम रोमला जाऊ. (घाबरू नका, परत येते.) पी.एल. म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं वाचायचा काळ, हे तुम्हाला माहीतच आहे. मागच्या पी.एल.मध्ये मी रोमवर एक पुस्तक वाचलं. नववीत आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'ज्युलियस सीझर' बसवलं होतं, त्यात मी गर्दीत होते, तेवढीच माझी रोमशी ओळख. पुस्तकात कळलं की सीझरसारखे सिनेटर आणि खालची गर्दी यांच्यामध्ये अजून एक वर्ग होता, 'इक्विटेस'. शब्दशः घोडेस्वार. सुरुवातीला ते खरंच घोडदळात लढायचे. पुढे घोडं नावाला उरलं आणि ४,००,००० सेस्टर्सची मालमत्ता ही अट आली. अंगरख्यावर अरुंद जांभळी पट्टी, बोटात सोन्याची अंगठी, नाटकाला १४ रांगा राखीव. आणि यांच्यातले बडे लोक करवसुलीचे ठेके घ्यायचे.

इथे मी थांबले. वसुली? अरे, हे तर आम्हीच!

कारण देशमुख म्हणजे परगण्याच्या वसुलीचा प्रमुख, आणि हिशेब ठेवायचा तो देशपांडे. फरक इतकाच की त्यांचा ठेका लिलावातला आणि आपलं वतन पिढीजात. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, पुढे रयतवारी आली, सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेऊ लागलं. देशमुखाचं काम संपलं, आडनाव राहिलं. आडनावसुद्धा मूळचं नाहीच. डॉ. पंजाबराव देशमुखांचं घराणं पापळचं, त्यांचं मूळ आडनाव कदम.

पुस्तकात मला सगळ्यात आवडलं ते आर्पिनम गावचं एक घराणं. घोडेस्वार वर्गातलं, पण लहानसं. रोममध्ये कुणी कधी मोठ्या पदावर नाही. त्यांच्या नावाचा अर्थ हरभरा, म्हणजे आपल्याकडचे हरभरे म्हणा ना! कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती म्हणे. आजोबा हट्टी. गावात गुप्त मतदान आणायचं ठरलं तर त्यांनी जन्मभर विरोध केला. (आबाजींनी आमच्याकडे मिक्सरला केला होता.) वडील आजारी, त्यांनी गावचं घर वाढवलं आणि तिथेच वाचत आयुष्य काढलं. नातू सिसेरो मात्र इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोमचा कॉन्सल झाला. राजकारणात उतरताना मित्र म्हणाले, हे हरभरा नाव बदल. तो ऐकला नाही.

पण मला डसली ती वेगळीच गोष्ट. दर पाच वर्षांनी रोममध्ये शिरगणती व्हायची. मालमत्ता अटीच्या खाली गेली की माणूस यादीतून बाहेर. किती सोपं! गरीब झालात, आता घोडेस्वार नाही, चला. आपल्याकडे अशी यादीच नाही. वाडा पडतो, शेत वाटण्यांत जातं, तरी आडनाव तसंच, आणि त्याला पोसावं लागतं. लग्नात आहेर देशमुखासारखा हवा, मग तो कर्ज काढून का असेना.

२०१९ चा उन्हाळा आठवतो? आमच्या वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागाच्या बागा वाळल्या. आमची दोन एकर, दोनशे वीस झाडं. बोअर आटली. बाबांनी दोन महिने टँकर आणले, मग ते पैसेही संपले. झाडं उभ्या उभ्या करडी झाली. शेवटी तोडून जळतणाच्या भावाने विकली. मला वाटलेलं बाबा रडतील. ते ट्रॅक्टरवाल्याशी भावावरून भांडत होते.

अनुदानाचा अर्ज घरात आला. आबाजी म्हणाले, "देशमुख लाईनीत नाई उभे रायत. हात पसराले कायले जातं?" बाबा काही बोलले नाहीत. चार दिवस अर्ज देव्हाऱ्याजवळ पडून. मुदत संपत आली. बाबा त्यांच्यासमोर सही मागू शकत नव्हते आणि सातबारा आबाजींच्या नावावर.

शेवटच्या रात्री आबाजींनी मला हाक मारली. "आन वं इकडे तो कागद. वाचून दाखव मले." मी कॉन्व्हेंटची, 'भूमापन क्रमांक' वाचतानाच तीनदा अडखळले. ते हसले. व्यवसाय या रकान्यात काय लिहू विचारलं, तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शेती लिही. दुसरं काय हाय?"

सकाळी इस्त्रीचं धोतर, काळी टोपी. मी सोबत गेले. रांग ऑफिसच्या बाहेर रस्त्यापर्यंत. तीन तास उभे राहिलो. कुणीतरी ओळखून "आबाजी, पुढे या" म्हटलं, ते गेले नाहीत. खिडकीतल्या बाबूने कागद घेतला, मान वर न करता विचारलं, "कोणते देशमुख?"

"संत्र्यावाले," आबाजी म्हणाले. "वाळले ते."

पैसे आले, टँकरच्या उधारीत गेले. मागच्या वर्षी आबाजी गेले. बाबांनी आता निम्म्या शेतात नवीन कलमं लावली आहेत, शेंदुरजना घाटच्या नर्सरीतून आणलेली. उरलेल्या निम्म्यात यंदा हरभरा आहे.